ड्रॉप सीमध्ये नुसता चिखल होतोय, ब्रिजला कोणता हंबकर लावू?

खर्ज_परळ

नमस्कार मंडळी. गिटारचा पिकअप (तारांचा कंप विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) बदलायचाय, त्याआधी जाणकारांचं मत हवंय.

गिटार अशी: बासवुडची बॉडी, २५.५ इंच स्केल (तारेची मोकळी लांबी), फिक्स ब्रिज, दोन हंबकर (दोन कॉइलचे पिकअप), एक ब्रिजजवळ, एक मानेजवळ म्हणजे नेकला, एक व्हॉल्यूम, एक टोन, तीन पोझिशनचा स्विच. पिकअप कंपनीचेच आहेत, त्यांच्यावर नाव-नंबर काही नाही. ट्यूनिंग ड्रॉप सी (सहावी, सर्वात जाड तार ई वरून सी ला उतरवलेली), तारा १०-४६ (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). अँप नाही. ऑडिओ इंटरफेसमधून लॅपटॉपवर अँप सिम्युलेटर आणि कानाला हेडफोन. चाळीत दुसरा इलाज नाही.

तक्रार: सहाव्या तारेवर पाम म्यूट केलं (तळहाताची कड तारेवर टेकवून वाजवलं) की 'ठक' असं न येता 'ढब्ब' येतं. भरभर वाजवलं की सुटे स्ट्रोक ऐकूच येत नाहीत, सगळा लगदा. गेन (डिस्टॉर्शनची मात्रा) कमी केला तर मेटल राहत नाही.

बजेट पंधरा हजार, एका पिकअपसाठी किंवा जोडीसाठी. यादीत सध्या सेमोर डंकनचे जेबी, डिस्टॉर्शन आणि नाझगूल, डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन आणि ईएमजी ८१ आहेत. सगळीकडे 'जास्त हॉट (जोरदार आऊटपुटचा) घे' असं सांगतात. हॉट म्हणजे नक्की किती, आणि त्याने चिखल जातो का?

तांब्याची_तार

हॉट घेतल्याने चिखल जात नाही, बऱ्याचदा वाढतो. पण पिकअपवर येण्याआधी चार गोष्टी बघा. त्यातल्या तीन फुकट आहेत.

पहिली, तारा. २५.५ इंच स्केलवर ४६ ची तार ई ला असते तेव्हा तिच्यावर साधारण ७.९ किलोचा ताण असतो. तीच तार सी ला उतरवली की ताण ५ किलोवर येतो. इतकी सैल तार पिकने मारल्या मारल्या आधी वर चढते आणि मग सुरावर येते, शिवाय तिचा झोकाही मोठा. तो 'ढब्ब' निम्मा तिथलाच आहे. ५४ ची तार सी ला ७ किलोच्या आसपास बसते, ५६ ची साडेसातच्या. ११-५४ चा सेट घ्या. नटची (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) खाच ४६ साठी कापलेली असते, ५४ ची तार १.३७ मिमी जाड. ती खाचेत वर बसली किंवा ट्यून करताना 'टिंग' करून अडकली तर खाच थोडी रुंद करावी लागेल. खोल नाही, फक्त रुंद.

दुसरी, इंटरफेसवर 'इन्स्ट' किंवा 'हाय-झी' बटण असतं ते दाबलंय का? पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) पिकअपला समोर सुमारे १ मेगाओमचं इनपुट लागतं. लाइन इनपुट साधारण १० किलोओमचं असतं. त्यात पॅसिव्ह गिटार लावली की वरचा सगळा टोकदारपणा गिळला जातो आणि मागे उरतो तो चिखलच.

तिसरी, पिकअपची उंची. सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि तारेच्या खालच्या कडेपासून पोलच्या (पिकअपवरच्या लोखंडी खुंटीच्या) माथ्यापर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. ब्रिज पिकअपला सुरुवात सहाव्या तारेखाली २.५ मिमी, पहिल्या तारेखाली २ मिमी. खालच्या तारेखाली त्याहून जवळ असेल तर आधी तो बाजूचा स्क्रू सैल करून बघा.

चौथी, मल्टिमीटर २० किलोओमच्या रेंजवर ठेवा, गिटारला केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, स्विच ब्रिजवर, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला टिप व स्लीव्हमध्ये (प्लगचं टोक आणि दांडा) मोजा. आकडा इथे टाका. आणि मागचं झाकण उघडून पॉटवर (नॉबखालच्या पोटेन्शिओमीटरवर) काय छापलंय तेही सांगा.

खर्ज_परळ

बटण दाबलेलं नव्हतं. काय बोलू आता.

दाबल्यावर फरक चांगलाच पडला, कापूस काढल्यासारखा. सहाव्या तारेखालचं अंतर १.५ मिमी होतं, ते २.५ केलं. ११-५४ टाकल्या. मीटरवर १४.६ किलोओम आलं. पॉटवर बी५००के लिहिलंय, दोन्ही लहान, बुशचा व्यास ७ मिमी. ब्रिजवर पहिल्या ते सहाव्या तारेच्या मध्यांमधलं अंतर ५२.५ मिमी.

चिखल निम्म्याहून कमी झालाय, पण पाम म्यूट अजून बोथट आहे. आणि एक कळलं नाही: १४.६ म्हणजे आकड्याने हा पिकअप हॉटच आहे ना? मग असा मरतुकडा का वाजतो?

तांब्याची_तार

किलोओम म्हणजे आऊटपुट नव्हे, इथेच सगळे फसतात. रेझिस्टन्स सांगतो की तार किती लांब आणि किती बारीक आहे. ४२ गेजच्या तारेऐवजी ४३ किंवा ४४ गेजची बारीक तार वापरली की तेवढ्याच वेढ्यांना आकडा फुगतो. जेबीचा ब्रिज सुमारे १६.४ किलोओम, नाझगूल सुमारे १३.६, सुपर डिस्टॉर्शन सुमारे १३.७. म्हणून जेबी या दोघांपेक्षा दणकट आहे का? नाही. नाझगूलमध्ये मोठा सिरॅमिक मॅग्नेट आहे, जेबीमध्ये अ‍ॅल्निको ५. आकडे शेजारी ठेवून तुलना करायचीच असेल तर एकाच कंपनीच्या, एकाच तारेच्या, एकाच मॅग्नेटच्या दोन पिकअपांची करा.

खरा आकडा इंडक्टन्सचा, म्हणजे हेन्रीचा. वेढे वाढले की इंडक्टन्स वाढतो. पिकअपची कॉइल आणि केबलची कपॅसिटन्स मिळून एक शिखर तयार होतं आणि त्याच्या वरची फ्रिक्वेन्सी झपाट्याने उतरते. हिशोबच करून दाखवतो. जुन्या धाटणीचा हंबकर साधारण ४.५ हेन्री, हॉट हंबकर साधारण ८ हेन्री. केबल सहा मीटरची, मीटरला १०० पिकोफॅरड धरले तर ६००, पिकअपचे आणि आतल्या वायरिंगचे १०० मिळून ७००. साडेचार हेन्रीचं शिखर २.८ किलोहर्ट्झला येतं, आठ हेन्रीचं २.१ किलोहर्ट्झला. पिक तारेवर आपटल्याचा जो 'ठक' तुम्हाला हवाय तो २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतो. हॉट पिकअपने त्याच्यावरच पांघरूण घातलं.

आता तीच आठ हेन्रीची कॉइल तीन मीटरच्या केबलवर लावा: शिखर परत २.८ वर. लॅपटॉपसमोर बसून वाजवायला सहा मीटरची केबल वापरत असाल तर आधी ती बदला, पिकअप नंतर.

तुमच्या यादीबद्दल माझं मत. जेबीचा वरचा मिड सुंदर ओरडतो, सोलोला मजा येते, पण खालचा भाग जरा ढिला. ई स्टँडर्डमध्ये चालून जातो, सी ला नाही. सुपर डिस्टॉर्शन १९७२ चा, 'पिकअप बदला' हा धंदाच त्याने सुरू केला. जाडजूड, भरगच्च मिड. हार्ड रॉकला आजही बेस्ट, पण तुमची अडचण जाडीचीच आहे. डंकन डिस्टॉर्शन सिरॅमिक, धारदार, जुन्या थ्रॅशला चपखल. नाझगूलचा खालचा भाग आवळलेला आणि अटॅक पुढे. ड्रॉप सी, बासवुड, पाम म्यूट या तिन्हींसाठी माझं मत नाझगूलला. सगळे पैसे ब्रिजवर घाला. नेक पिकअप आहे तोच ठेवा, मेटल रिदमला तिकडे जातंय कोण?

घेताना पोलचं अंतर बघा. गिब्सन धाटणीत ते साधारण ४९-५० मिमी असतं. डिमार्झिओचा रुंद प्रकार एफ-स्पेस म्हणून मिळतो, ५१ मिमी. डंकनमध्ये रुंद प्रकाराला ट्रेमबकर म्हणतात आणि नंबर 'टीबी'ने सुरू होतो, अरुंदचा 'एसएच'ने. तुमच्या ५२.५ ला रुंदच मागा. एखाद्या मिलीमीटरच्या फरकाने आवाज बिघडत नाही, पण कडेच्या तारा पोलच्या बाहेर गेलेल्या बघून जीव वरखाली होतो तो वेगळाच.

नऊव्होल्ट

वरच्या हिशोबाशी सहमत, आणि त्याच हिशोबाने उत्तर ईएमजी ८१ येतं. अ‍ॅक्टिव्हमध्ये कॉइलला वेढे कमी, पुढे पिकअपच्या आतच बॅटरीवर चालणारा प्रीअँप. आऊटपुट इंपिडन्स १० किलोओम. केबल तीन मीटर असो की दहा, शिखर जागचं हलत नाही. खालचा भाग आवळलेला, आणि 'इन्स्ट' बटण विसरलात तरी पॅसिव्हइतकी वाताहत होत नाही :)

पण ८१ एकटा विकत घेऊन भागत नाही, हे दुकानदार सांगत नाहीत.

पॉट २५ किलोओमचे लागतात. अ‍ॅक्टिव्ह पिकअपवर ५०० किलोओमचा पॉट ठेवला तर नॉब फिरवताना आवाज हळूहळू उतरत नाही, स्विचसारखा एकदम जातो. उलट २५ किलोओमवर तुमचा जुना नेक पिकअप जोडलात तर तो गोणपाटात गुंडाळल्यासारखा वाजेल. म्हणजे एक अ‍ॅक्टिव्ह आणि एक पॅसिव्ह ही भानगड या एक-व्हॉल्यूम गिटारमध्ये करू नका. लावायचे तर दोन्ही लावा, ब्रिजला ८१ आणि नेकला ६० किंवा ८५. म्हणजे बजेट संपलं.

जॅक स्टिरिओ लागतो. केबल आत घातली की स्लीव्ह आणि मधली रिंग जोडली जाऊन बॅटरीचं मायनस जमिनीला मिळतं, तोच स्विच. म्हणून वाजवून झालं की केबल काढायची. कंपनी ८१ ला एका बॅटरीवर ३००० तास देते, पण केबल तशीच ठेवलीत तर ते तास तुम्ही झोपेत संपवता. फिशमन फ्लुएन्सला (तोही बॅटरीवरचाच पिकअप) साधारण २०० तासच मिळतात, तिथे तर ही सवय हवीच.

बॅटरी ९ व्होल्टची चौकोनी, आणि अल्कलाइनच. स्वस्त झिंक-कार्बनवाली गिटारच्या पोटात पावसाळाभर विसरली की गळते आणि क्लिप हिरवी पडते. बॅटरी मरायला लागली की आवाज आधी फाटतो, मग घुसमटतो. लोक तेव्हा पिकअपला शिव्या घालतात. आणि बॅटरीला जागा आहे का ते आधी मोजा, ४८.५ बाय २६.५ बाय १७.५ मिमी. बऱ्याच गिटारींच्या मागच्या खळग्यात ती मावत नाही, तिथे लाकूड कोरावं लागतं.

पाम_म्यूट

अ‍ॅक्टिव्ह चांगलेच, वाद नाही. पण धागाकर्ते अँप सिम्युलेटर वापरतायत, तिथे फुकटात निम्मं काम होतं. अँपच्या आधी ट्यूब स्क्रीमरची (ओव्हरड्राइव्ह पेडलची) नक्कल ठेवा: ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण, टोन मध्यावर किंवा जरा पुढे. त्या सर्किटमध्ये ७२० हर्ट्झच्या खाली गेन उतरत जातो, म्हणजे अँप डिस्टॉर्ट व्हायच्या आत खालचा फुगवटा कापला जातो. मग अँपचा गेन आत्ता आहे त्याच्या दोन-तृतीयांशावर आणा. हे न करता नाझगूल लावला तरी लगदाच वाजेल, फक्त महागडा.

आणि इंटरफेसचा इनपुट गेन बघा. हॉट पिकअपने जोरात म्यूट मारलं आणि लाल दिवा लागला तर तो फाटलेला सिग्नल पुढे कशानेही सांधत नाही. सगळ्यात जोराच्या स्ट्रोकला मीटर मायनस ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

एक विचारतो: हाच १४.६ वाला पिकअप इथे कुणाकडून रिवाइंड करून घेतला तर?

डागडुजी

रिवाइंड नको. मजुरी देऊन हातात येतो तोच स्वस्तातला मॅग्नेट आणि तोच पातळ बॉबिन. शिवाय बहुतेक ठिकाणी वेढे दिल्यावर मेणात बुडवत नाहीत. मेण न घातलेली कॉइल हाय गेनवर मायक्रोफोनसारखी वागते, तारा हाताने बंद धरल्या तरी शिट्टी मारते. घरी मेण घालायचंच असेल तर पॅराफिन चार भाग, मधमाशीचं मेण एक भाग, पातेल्यात पाणी आणि पाण्यात डबा, मेण ६५ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, वीस मिनिटं. गॅसवर थेट कधीच नाही. मेण पेटतं, आणि त्याआधी बॉबिन वाकतो.

धागाकर्ते, तुम्ही नाझगूलच घेणार असं धरून जोडणीचं लिहितो.

सामान ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला लॅमिंग्टन रोडवर सगळं मिळेल, फक्त रविवारी जाऊ नका. ६०/४० सोल्डर, ०.८ मिमी, रोझिन कोअरवालं. डिसोल्डरिंग पंप. बारीक हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी). आयर्न ४० वॅटचं तरी हवं, २५ वॅटचं पॉटच्या पाठीवर हरतं. पॉट बदलणार असाल तर ५०० किलोओम लॉग मागा, ए५००के. काउंटरवर 'सेमच आहे' म्हणत बी म्हणजे लिनियर पुढे सरकवतात. सेम नाही: लिनियर व्हॉल्यूम दहापासून तीनपर्यंत जेमतेम बदल दाखवतो आणि मग दरीत पडतो. दुकानातच मीटर लावा, २० टक्के कमी-जास्त असतात, ५०० च्या वरचा उचला. आणि तुमच्या बॉडीला ७ मिमीची भोकं आहेत, मोठे अमेरिकन मापाचे पॉट ९.५ मिमी भोकाचे. ड्रिल चालवायचं नसेल तर १६ मिमीवाले लहानच घ्या. टोनचा कपॅसिटर २२३ छापलेला, म्हणजे ०.०२२ मायक्रोफॅरड. आतला आहे तो चालत असेल तर राहू दे, त्यात काही जादू नसते.

काम सुरू करण्याआधी खळग्याचे दोन फोटो काढा, एक वरून, एक तिरका. तारा काढा. जुन्या पिकअपची वायर स्विचपर्यंत शोधून तिथेच सोडवा, कापू नका, उद्या गिटार विकायची झाली तर लागेल.

डंकनच्या वायरीत चार रंग आणि एक उघडी वायर. काळी गरम (सिग्नलची), ती स्विचच्या ब्रिजवाल्या पायाला. लाल आणि पांढरी एकमेकींना जोडायच्या, डाग द्यायचा, स्लीव्ह चढवायची, बस्स, त्या कुठेही लागत नाहीत. हिरवी आणि उघडी एकत्र पिळून जमिनीला, म्हणजे व्हॉल्यूम पॉटच्या पाठीवर. डिमार्झिओचे रंग वेगळे: तिथे लाल गरम, काळी-पांढरी जोड, हिरवी आणि उघडी जमिनीला. एकाचा नकाशा बघून दुसऱ्याचा पिकअप लावणारे दर आठवड्याला भेटतात.

पॉटच्या पाठीवर सोल्डर गोळ्यासारखं लोळतं कारण तिथे चकचकीत थर असतो. आधी नखाएवढी जागा पॉलिश पेपरने खरवडा, आयर्न दोन सेकंद टेकवून तिथे सोल्डरचा पातळ थर बसवा. वायरीच्या टोकालाही वेगळा थर द्या. मग दोन्ही एकत्र धरून तीन-चार सेकंद. सोल्डर पसरून कडेला पातळ झालं आणि चमकलं की झालं. करडं, खडबडीत, टेकडीसारखं राहिलं तर ड्राय सोल्डर, पुन्हा करा. पण दहा सेकंद आयर्न दाबून बसू नका, पॉटच्या आतला ट्रॅक भाजतो आणि मग नॉब खरखरतो.

बसवताना स्क्रू नव्या पिकअपसोबत आलेलेच वापरा. जुन्या इंपोर्ट गिटारीचे स्क्रू मेट्रिक आट्यांचे असतात. अर्धा फेरा जातात, मग घट्ट होतात, आणि जोर लावला की पायाचे आटे जातात.

झाकण लावण्याआधी पुन्हा मीटर. १३.६ किलोओमचा पिकअप ५०० किलोओमच्या पॉटला समांतर असतो, म्हणून केबलवर १३.२ च्या आसपास दिसेल. टोन नॉबने आकडा बदलत नाही, कपॅसिटर डीसी अडवतो. व्हॉल्यूम मात्र पूर्ण उघडा हवा, नाहीतर आकडा भलताच येतो.

खर्ज_परळ

नाझगूल ट्रेमबकर मिळाला. आज दुपारी लावला. रंग तुम्ही सांगितल्याप्रमाणेच, दोनदा तपासले. वाजतोय, पण पातळ, जुन्यापेक्षाही हळू, आणि गुणगुण प्रचंड. मीटरवर ६.७ येतंय. पिकअप सदोष आला का? परत पाठवू?

डागडुजी

थांबा, परत पाठवू नका. आकडाच सांगतोय.

१३.६ च्या निम्मे ६.८, त्याला ५०० समांतर म्हणजे ६.७. बरोबर अर्धा. तुमची एकच कॉइल चालू आहे, आणि एक कॉइल म्हणजे सिंगल कॉइल. हंब मारायला दुसरी नाही, म्हणून गुणगुण. लाल-पांढरीची जोड कुठेतरी जमिनीला टेकलीय.

खात्री करायची तर केबल लावा, आवाज बारीक ठेवा आणि छोट्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दोन्ही कॉइलच्या पोलवर हलकेच टिचकी मारा. एकीवर 'टक' मोठा येईल, दुसरीवर जवळजवळ काही नाही.

मग खळग्यात बघा. स्लीव्ह घातली होती की टेप? टेप असेल तर ती गरम पॉटला लागून सरकली असेल. स्लीव्ह असेल तर डागाचं टोक, सुईसारखं उभं राहिलेलं, तिच्यातून बाहेर आलं असेल. ती जोड बहुतेक दोन पॉटच्या मधल्या फटीत दडपलेली असते.

हेही लक्षात ठेवा, पुढे कुणाला उपयोगी पडेल: शून्य आलं तर गरम वायर जमिनीला टेकलीय. सुमारे ५०० किलोओम आलं तर पिकअप जोडलेलाच नाही, फक्त पॉट मोजताय. २० च्या रेंजवर तेव्हा नुसता १ दिसतो. आणि आकडा बरोबर १३.२ येऊनही आवाज पातळ, डब्यातल्यासारखा असेल तर दोन कॉइल एकमेकींविरुद्ध जोडल्यात, रंग चुकलेत. मीटर ही चूक पकडत नाही.

खर्ज_परळ

टेप होती. व्हॉल्यूम पॉटच्या खाली चेपलेली, आणि एका बाजूने तांबं पॉटच्या पत्र्याला टेकलेलं. टेप काढून स्लीव्ह चढवली, जोड लाकडाच्या बाजूला वळवून ठेवली. मीटर १३.२. टिचकी दोन्हीकडे सारखी.

आवाजाचं काय सांगू, 'ठक' आला. केबल तीन मीटरची, स्क्रीमर पाम_म्यूट यांनी सांगितला तसा, गेन उतरवला.

दोन गोष्टी राहिल्या. नेकवर स्विच केलं की आवाज एकदम खाली जातो. आणि न वाजवता बसलं की अजून एक 'झर्रर्र' ऐकू येतो. तारांना हात लावला की कमी होतो, पण जात नाही.

तांब्याची_तार

नेकचं सोपं. नवा ब्रिज जोरदार आहे, नेक तोच. आधी ब्रिज अर्धा मिलीमीटर खाली घ्या, मग नेक हळूहळू वर. पण शेवटच्या फ्रेटवर दाबलेल्या सहाव्या तारेपासून नेक पिकअप २.५ मिमीच्या आत आणू नका. तिथे तारेचा झोका मोठा असतो, मॅग्नेट तिला ओढतो आणि वरच्या फ्रेटांवर सूर डोलायला लागतो.

नऊव्होल्ट

झर्रर्रसाठी आधी पंखा बंद करा. बऱ्याच इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये ट्रायॅक (इलेक्ट्रॉनिक स्विच) असतो, तो दर अर्ध्या सायकलला करंट कापतो, म्हणजे सेकंदाला शंभरदा, आणि तीच झर्रर्र पिकअप पकडतो. दोनवर सर्वात जास्त, पाचवर जवळजवळ नाहीशी. उकाड्यात बंद नको असेल तर पूर्ण वेगावर ठेवून वाजवा.

मग लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. दोन पिनांचा चार्जर असेल तर इंटरफेसला अर्थच मिळत नाही. तीन पिनांचा असूनही फरक पडत असेल तर भिंतीतला सॉकेट तपासून घ्या. जुन्या चाळींत तिसरं भोक असतं, मागे वायर नसते. ते काम वायरमनचं, आपण उघडायचं नाही.

तारांना हात लावल्यावर आवाज कमी होतो म्हणजे ब्रिजची अर्थ वायर शाबूत आहे. ती काढायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तो सल्ला ईएमजीवाल्यांसाठी असतो, तुमच्या पॅसिव्हला ती हवीच.

खर्ज_परळ

पंखा तीनवर होता. पाचवर नेला, झर्रर्र गेली. चार्जर दोन पिनांचाच आहे, तो काढल्यावर उरलेलंही गेलं. आता वाजवताना पिक उडून जातंय तेवढंच.